लग्नापुरतं वर्ष, फेट्यापुरतं वर्ष

डोक्याला दोन वेढे बसले होते, तिसरा चालू होता. कापडाचं एक टोक फेटेवाल्याने माझ्या हातात दिलेलं, दुसरं स्वतःच्या दातात धरलेलं. "मान हलवू नका साहेब," हे तो दात न उघडता म्हणत होता आणि मी खरंच हलवत नव्हतो. तेवढ्यात मागून आत्याचा आवाज आला. "अगं बाई! ह्याला कोणी बसवलं इथं? दादाचं वर्ष व्हायचंय अजून!"

मग फेटा सुटला. बांधताना जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट वेळ सोडायला लागला, कारण मध्ये माझी पिन केसात अडकली. सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या दारात, आल्या-गेल्या सगळ्या पाहुण्यांच्या साक्षीने, वधूच्या सख्ख्या चुलतभावाचं डोकं उघडं करण्यात आलं. फेटेवाला व्यवहारी माणूस. त्याने कापड झटकलं आणि म्हणाला, "पुढचं कोण?"

भानगड अशी की बाबा गेल्या वर्षी वटपौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी गेले. ज्येष्ठ वद्य पंचमी. आणि यंदा ज्येष्ठ दोन, आधी अधिक, मग निज म्हणजे नेहमीचा. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. दर वर्षी मागे पडणारे अकरा दिवस साठत जातात आणि साधारण तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना वाढवून हिशोब जुळवतात. ज्यांनी हे गणित बसवलं ते थोर विद्वान होते यात शंका नाही. फक्त त्यांना आत्या नव्हती.

गुरुजींनी सोलापूरचं दाते पंचांग उघडून बोट ठेवलं आणि सांगितलं, पहिलं वर्षश्राद्ध अधिकातच करायचं, पुढच्या वर्षीपासून निजात. काकांनी गुरुजींना जवळजवळ मिठीच मारली. कारण त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, हॉलचा ॲडव्हान्स भरलेला. अधिक महिन्यात मुहूर्त नसतात, आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. मधल्या पाच-सहा आठवड्यांत अख्ख्या जिल्ह्याची लग्नं कोंबायची असतात. आचारी, बँड, मेंदीवाली, कोणी मिळत नाही. बाबांचं वर्ष जूनच्या पहिल्या आठवड्यात 'उरकलं' (काकांचा शब्द, माझा नाही) की महिनाअखेर लग्नाला वाट मोकळी. आत्याचं मात्र पहिल्यापासून एकच म्हणणं होतं. अधिक महिना म्हणजे मलमास. मलमासात केलेलं दादाला पोचलं कशावरून?

ता. क. मध्ये टाकायची गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून तेहतीस अनारसे द्यायचे असतात. तीन वर्षांनी येणारा हा एकमेव सण असा आहे की ज्यात माझी मानसिक गुंतवणूक आहे. यंदा सासूबाईंचा फोन आला, "तुमचं वर्ष चालू आहे ना, म्हणून म्हटलं राहू दे या खेपेला." अनारसे साडूंकडे गेले. सगळे. माझ्या वाटचेही त्यांनाच दिले असावेत, कारण दोन दिवसांनी त्यांचा पोट बिघडल्याचा मेसेज आला.

तर श्राद्ध झालं. या ठिकाणी कावळ्याचा विनोद अपेक्षित असतो, पण आमचा कावळा सज्जन निघाला. आला, खाल्लं, गेला. तटून बसली होती ती माणसं. मी जानवं अपसव्य करून, अनामिकेत दर्भाचं पवित्रक घालून बसलो होतो. गुरुजी गोत्र विचारत होते, वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घ्यायला लावत होते. आणि आतल्या खोलीत पैठणी मोरपिशी घ्यायची की डाळिंबी, यावर मतदान चाललं होतं. पणजोबांचं नाव मी दोनदा घेतलं, कारण पहिल्यांदा घेतलं तेव्हा आतून "चाट काउंटर हवाच!" असा ठराव पास झाला आणि गुरुजींना ऐकू आलं नाही. नंतर पंगत बसली. भरड्याचे वडे, खीर, अळू, आमसुलाची चटणी. सगळ्यांनी वड्यांची तारीफ केली, आचाऱ्याचा नंबर लिहून घेतला. बाबांविषयी एक वाक्य कोणी बोलेल म्हणून मी ताकापर्यंत थांबलो.

बोललं एकच माणूस. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, बोटात पोवळं. "देवमाणूस," ते म्हणाले. "एलआयसीत होते ना?"

"पाटबंधारे खात्यात."

"तेच ते," असं म्हणून त्यांनी वडा वाढून घेतला.

हेच सफारीवाले काका त्या दिवशी फेट्याच्या रांगेत माझ्यामागे उभे होते. आत्याचं आणि माझं सुरू झाल्यावर त्यांनी दोन्ही हात वर केले, रहदारी थांबवतात तसे.

"थांबा थांबा. वाद नको. शास्त्राला धरून बोलू. मला सांगा, निधन कोणत्या ज्येष्ठातलं?"

"गेल्या वर्षी एकच ज्येष्ठ होता."

"हां! तिथंच घोळ आहे." हे त्यांनी अशा नजरेने म्हटलं की जणू दुसरा ज्येष्ठ मीच लपवून ठेवला होता. "आणि श्राद्ध?"

"अधिकात. तुम्ही होतात की जेवायला."

"होतो ना. वडे उत्तम. त्यामुळे पितर तृप्त, तो प्रश्नच नाही."

"मग वर्ष झालं."

"झालं."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या आत्याची ही नजर आमच्या घराण्यात चार पिढ्यांनी पाहिली आहे.

"म्हणजे तसं झालं नाही," काका म्हणाले.

"अहो, पण वर्ष झालं नसेल तर घरात लग्न कसं चाललंय?" मी विचारलं. हा मुद्दा मला बिनतोड वाटला होता. आजही वाटतो. आत सनई वाजतेय, मांडव सजलाय, सकाळी गुरुजींनी पुण्याहवाचन करून नांदीश्राद्धही केलं. नांदीश्राद्धात पितरांना मंगलकार्याला बोलावतात. म्हणजे माझ्या आजोबांना, पणजोबांना रीतसर आमंत्रण गेलेलं. त्यांच्या नातवाच्या डोक्यावर मात्र आठ मीटर कापड चालत नाही.

सफारीवाले काकांनी डोळे मिटले. ओठ हलले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं गेलं. मग डोळे उघडून ते शांतपणे म्हणाले, "लग्नापुरतं वर्ष झालंय. फेट्यापुरतं व्हायचंय."

भोवतालच्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांनी तर "वा!" म्हटलं. आत्या माझ्याकडे वळली, "ऐक. जाणकार माणूस आहे."

"आणि टेम्पोपुरतं?"

"म्हणजे?"

"पहाटे पाचला रुखवताचा टेम्पो मी आणला. भाडं मी दिलं. वर ड्रायव्हरला चहापाणी दिलं. पाण्याचे जार मी मोजून घेतले. तेव्हा वर्ष झालं होतं का व्हायचं होतं?"

"कामाला कसलं आलंय वर्ष!" काका हसले, आत्या हसली, "वा!" म्हणणारे गृहस्थही हसले. मी विनोद केला असं सगळ्यांना वाटलं.

"जेवणापुरतं?"

"जेवा की! पोटभर जेवा. गोड मात्र..." त्यांनी आत्याचा अंदाज घेतला, "...एकदाच वाढून घ्या."

"पुढचं कोण?" फेटेवाला पुन्हा म्हणाला. त्याबरोबर सफारीवाले काका पुढे झाले आणि माझ्या खुर्चीत बसले. तेच गुलाबी कापड, माझ्याच डोक्याने कोमट झालेलं. "तुरा जरा मोठा काढा," त्यांनी सांगितलं. शेमला खांद्यावरून पुढे घेतला, आरशात दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पाचाची नोट दिली. फेट्याचे पैसे, अर्थात, आमच्या काकांच्या पॅकेजात होते. त्या पॅकेजात माझा वाटा किती, हे मी इथे लिहीत नाही. काकू वाचतात.

सीमांतपूजनाच्या वेळी वराकडच्यांनी वधूकडचे ज्येष्ठ म्हणून सफारीवाल्या काकांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. त्यांनी फेट्यावरच टोपी ठेवून तो मान स्वीकारला. फोटोग्राफर म्हणाला, "फक्त घरच्यांनी यायचं, बाकीचे जरा बाजूला." बाकीचे म्हणजे मी. त्याने मला कोपराला धरून सभ्यपणे बाहेर काढलं. त्याचीही चूक नाही. त्याला डोकं दिसतं, गोत्र दिसत नाही.

मग मी काकांना विचारलं, "ते सफारीवाले कोण हो?"

"अरे, दादाच्या ऑफिसातले ना?"

आत्या म्हणाली, "मला वाटलं वहिनीच्या माहेरचे."

आईला विचारायला गेलो. आई चौथ्या रांगेत पंख्याखाली बसली होती, पुढे या म्हणून कोणी म्हटलं नव्हतं. हळदीकुंकवाचं आणि गजऱ्यांचं ताट घेऊन एक मुलगी रांगेतून चालली होती. आईपाशी आली, थबकली, मागे वळून आत्याकडे पाहिलं आणि पुढच्या बाईकडे गेली. "बरं झालं," आई म्हणाली, "मला गजऱ्याने डोकं दुखतं." ज्या बाईने उभ्या आयुष्यात मोगऱ्याचा एक सीझन सोडला नाही, ती हे म्हणाली. इथे मला काही विनोदी सुचत नाही. हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांसंबंधीच्या असल्या प्रथा बंद करायचा ठराव मे २०२२ मध्ये केला, शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड शिरोळ तालुक्यात, सांगलीहून फार लांब नाही. परिपत्रक अजून वाटेत असावं. आत्या वेळेवर पोचली होती.

गंमत म्हणजे हे सगळं ज्यांच्या नावाने चाललं होतं, त्या बाबांना असलं काहीच खपायचं नाही. आजी गेली त्या वर्षी ते मित्राच्या मुंजीत फेटा बांधून गेले होते आणि आत्या त्यांच्याशी दिवाळीपर्यंत बोलली नव्हती. हे मी आत्याला तिथेच ऐकवलं. "म्हणून तर!" ती म्हणाली. म्हणून तर काय, हे सांगायच्या आत मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला अक्षता वाटायला पाठवण्यात आलं. अक्षतांनाही वर्ष लागत नसावं.

निजातल्या पंचमीला पुन्हा श्राद्ध करायचं ठरलं आहे. म्हणजे आत्याने ठरवलं आहे. गुरुजी "गरज नाही" म्हणाले, पण दक्षिणेचा विषय निघाल्यावर "केलं तर दोषही नाही" म्हणाले. काल आचाऱ्याला फोन केला.

"किती पानं धरू?"

"मागच्या वेळेइतकीच."

"ते सफारीवाले येणार का? नाही, आधी सांगितलेलं बरं. ते एकटे अकरा वडे खातात, तसं पीठ भिजवायला लागतं."

धरा म्हटलं.