कोकणात एसटीनेच जा, पण एवढं ऐकून जा

कार काढून कोकणात काय सगळेच जातात हो, तुम्ही एसटीनेच जा. आणि ते गणपतीपुळे वगैरे नको, तिथे आता सगळी सोसायटी भेटते. तुम्ही दापोलीच्या पुढे जा, जिथे रस्ता संपतो आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला बंदराशिवाय जागा नसते असं एखादं गाव पकडा. नाव मी सांगणार नाही. नाव फुटलं की पुढच्या लाँग वीकेंडला तिथे थार उभ्या राहतात आणि भरतीच्या वाळूत रुतलेली थार काढायला गावातल्याच पोरांना ट्रॅक्टर घेऊन धावावं लागतं.

पहिलं म्हणजे टाइमटेबल बघू नका. टाइमटेबल बघून जाणारा माणूस कामाला जातो, तुम्ही तर अनुभव घ्यायला चाललाय. चौकशीच्या खिडकीत विचाराल तर "लागेल" असं उत्तर मिळेल. किती वाजता विचाराल तर "लागली की कळेल". एवढी माहिती पुरेशी असते, शेजारची आजी एवढ्यावरच आयुष्यभर प्रवास करत आलीय.

गाडी लागली की दाराकडे पळायचं नाही, खिडकीकडे पळायचं. रुमाल आत टाकायचा. पुणे-नगर पहिली एसटी 1 जून 1948 ला सुटली, रुमालाचा कायदा बहुतेक 2 जूनला झाला असावा, आणि महाराष्ट्रात एवढा पाळला जाणारा दुसरा कायदा मला तरी माहीत नाही. तुमच्याकडे रुमाल नसणार, वेट वाइप्स असणार. मग गॉगल टाका. गॉगलवर कोणीतरी बसेल, पण सीट मिळेल. अगदीच जागा नाही मिळाली तर 'आमदार' लिहिलेल्या सीटवर बसा, कोणी उठवायला येत नाही, आमदारसाहेब तर नाहीच नाही.

खिडकी उजवीकडचीच घ्या. समुद्र पश्चिमेला, तुम्ही दक्षिणेला चाललाय, म्हणजे समुद्र उजवीकडे, एवढा भूगोल पक्का आहे ना? मुंबई-गोवा हायवेवरून समुद्र दिसतच नाही हे तुम्हाला पोलादपूरपर्यंत आपोआप कळेल, तोवर दुपारचं सगळं ऊन उजव्या गालावर घ्या. हायवेबद्दल मी बोलणार नाही. चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, तेव्हा पहिलीत गेलेली पोरं आता कॉलेज संपवून नोकरी शोधतायत, आणि डायव्हर्जनचा बोर्ड अजून तिथेच आहे, फक्त त्याचा रंग उडालाय. मात्र कशेडी घाटाचा व्हिडीओ काढायचाच असं ठरवून मोबाईल काचेला लावून बसा, आणि गाडी बोगद्यात शिरू दे. जवळपास दोन किलोमीटर छान अंधार रेकॉर्ड होतो. घाटात पिशवी घेऊन बसणाऱ्यांना विचारा, बोगदा काय चीज आहे ते. पण त्यांना कोण विचारतंय, व्ह्यू गेला ना आपला.

दापोलीला उतरून गाववाली गाडी बदलायची. ही खरी लाल गाडी, हिच्यात रिझर्व्हेशन नसतं आणि काच एकतर उघडत नाही किंवा बंद होत नाही, दोन्ही जमणारी काच मिळाली तर फोटो काढून ठेवा. तिकिटाला 500 ची नोट पुढे करा. कंडक्टर जो चेहरा करेल तो सीनिक जर्नीचा भाग समजा. मग "यूपीआय आहे का" विचारा, आणि तो मशीन पुढे करेपर्यंत गाडी उताराला लागून तुमचं नेटवर्क गेलेलं असेल. एवढ्यात मागून तीन बायका अर्ध्या तिकिटाचे सुट्टे पैसे मोजून देतात, ती सवलत 2023 च्या मार्चपासून आहे, एक आजोबा आधारकार्ड दाखवतात, 75 च्या पुढच्यांना फुकट आहे, शाळेच्या मुली पास दाखवतात, आणि पूर्ण तिकीट काढणारे बसमध्ये तुम्ही आणि दोन-चार पुरुष. 2025 च्या जानेवारीत भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं तेव्हा तुम्हाला कळलंही नव्हतं, आता कळलं म्हणून "अरे एवढंसंच?" असं मोठ्याने म्हणा. बसमधल्या लोकांना फार बरं वाटतं ते ऐकून.

आसूदचा उतार लागला की दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, हवा एकदम गार. इथे खिडकीबाहेर बघायचं असतं. पण नेमकी इथेच शाळा सुटलेली असते. पन्नासेक पोरं दप्तरांसकट आत शिरतात, एक दप्तर तुमच्या मांडीवर येतं, "धरा ना काका", आणि पुढे समुद्र पहिल्यांदा दिसतो तो त्या दप्तराच्या पट्ट्यामधून. तक्रार करू नका. ही पोरं हा व्ह्यू रोज बघतात आणि रोज त्याच्याकडे पाठ करून भांडतात.

हर्णैला मासे विकून परतणारी एखादी मावशी चढेल. पाटी रिकामी, पण पाणी अजून ठिबकतंय. ते नेमकं तुमच्या ट्रेकिंगच्या बॅगेवर. नाकाला रुमाल लावा, नाहीतर वेट वाइप लावा, तिला दिसेल असा लावा. रात्री होमस्टेवर "एकदम फ्रेश आहे ना?" असं तीनदा विचारून तुम्ही जे सुरमईचं ताट मागवणार आहात ना, त्या सुरमईलाही हाच वास होता, पण तेव्हा तो ऑथेंटिक असतो.

आता मुख्य. मध्येच एका वळणावर, जिथे स्टॉप नाही, घर नाही, काही नाही, ड्रायव्हर गाडी थांबवतो आणि हॉर्न देतो. लांब. मग परत. वरच्या वाडीतून जांभ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, एक पोरगं चप्पल हातात घेऊन पळत येतं, ड्रायव्हर बॉनेटजवळून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून खिडकीतून देतो, आणि विचारतो, "म्हातारा कसा हाय?" पोरगं म्हणतं, "बसतोय आता." झालं, गाडी सुटली. पिशवीत बीपीच्या गोळ्या, तालुक्याहून आलेल्या. हे रील सोडू नका, लाखात एक मिळतं. मागे बासरी टाका, कॅप्शन लिहा 'सिंपल लाइफ'. वाडीपासून औषधाचं दुकान तासाभरावर आहे हे कॅप्शनमध्ये बसत नाही, आणि बसलं तरी लाइक येत नाहीत.

अशा वेळी कंडक्टरला "दोन मिनिटं थांबवा ना, फोटो काढायचाय" हेही जरूर म्हणा. तुम्हीच आत्ता बघितलं, थांबवतात की गाडी.

गावात पोचल्यावर काय करायचं ते तुम्हाला माहीतच आहे. सूर्य, सुरूची झाडं, पाय पाण्यात. संध्याकाळी ओटीवर बसून होमस्टेच्या काकांना सांगा की तुम्ही किती नशीबवान आहात, दिवसाला दोनच गाड्या, ना हॉर्न ना ट्रॅफिक, आणि रस्ता रुंद करायला येतील तर अजिबात देऊ नका, आडवे पडा, सगळा चार्म जाईल. काका "हो हो" म्हणतील. त्यांच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं तेव्हा तालुक्याला न्यायला रात्री अडीचला जीप शोधली होती, ते काही तुम्हाला सांगणार नाहीत. पाहुण्याला कशाला. तुम्ही मुंबईला जाऊन 'कोकण वाचवा'वर सही करा आणि पुढच्या वेळी कारने या, एसटी एकदा केलीत, बास झालं.

एक राहिलंच. तुम्ही आलात ती वस्तीची गाडी. म्हणजे ती रात्री गावातच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर कुणाच्या तरी पडवीत नाहीतर गाडीतच आडवे होतात, कोणीतरी भाकरी आणि माशाचं कालवण आणून देतं, आणि पहाटे सहाला तीच गाडी परत निघते. कॉलेजची पोरं, दवाखान्याचे, तहसीलवाले, कोर्टाची तारीख असलेले, सगळे त्याच गाडीला. अख्खं गाव अंधारात स्टॉपवर असतं तेव्हा तुम्ही झोपलेले असता, कारण सनराइज समुद्रावर होत नाही हे तुम्ही गूगल करून ठेवलंय. दहाला उठा, पोहे खा, ओलं खोबरं वरून मागून घ्या. मग काकूंना विचारा, पुढची बस किती वाजता?

"दुपारची असते तशी," काकू म्हणतील, "आली तर."

दुपारची काही येणार नाही. मग तुम्ही गावातली एकुलती एक रिक्षा गाठाल. रिक्षावाला दापोलीचा जो आकडा सांगेल तो ऐकून तुम्ही उडाल, येणं-जाणं दोन्ही धरलंय हो त्याने, परत रिकामा कोण येणार. तुम्ही म्हणाल, अहो एसटीला तर याचा दहावा हिस्साही लागला नाही. तो बिडी विझवेल, आरशातला गणपती सरळ करेल आणि म्हणेल, "मग थांबा की. उद्या हाय ना गाडी. उठाल सहाला?"