माउंटफर्टला लॉर्ड मोहूनने मारलं नव्हतं, आणि ते द्वंद्वही नव्हतं

रेस्टोरेशन काळातल्या (म्हणजे 1660 ला इंग्लंडात राजेशाही परत आली त्यानंतरच्या) लंडनच्या नाटकवाल्यांचे किस्से निघाले की एक किस्सा हमखास येतो. ड्रुरी लेन थिएटरची देखणी नटी ॲन ब्रेसगर्डल, तिच्यावर जीव टाकणारे दोघं, एक नट विल्यम माउंटफर्ट आणि दुसरा लॉर्ड मोहून, मग 1692 च्या एका रात्री रस्त्यात द्वंद्व, नट मेला, लॉर्ड वशिल्याने सुटला आणि खरं काय झालं ते म्हणे आजपर्यंत गूढ. ऐकायला झकास आहे, पण यातलं थोडंच खरं आहे, आणि जे गाळलंय ते जास्त महत्त्वाचं आहे.

आधी तो प्रेमाचा त्रिकोण. तिच्या मागे लागलेला माणूस मोहून नव्हताच, तो होता कॅप्टन रिचर्ड हिल नावाचा विशीतला सैन्यातला पोरगा. मोहून त्याचा दोस्त, तोही वीसच्या आतलाच. हिलने लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं. आता नकार म्हणजे फक्त नकार असू शकतो हे काही साहेबांच्या डोक्यात शिरेना, मग त्याने ठरवलं की हिचं माउंटफर्टशी काहीतरी असणारच. माउंटफर्ट स्टेजवर तिचा हिरो असायचा, एवढंच. त्याची बायको सुझाना स्वतः त्याच कंपनीतली गाजलेली नटी होती. गावात कुजबुज होती हे खरं, नटीबद्दल ती कधी नसते? इंग्लंडात 1660 पर्यंत बायकांची कामं पोरंच करायची, आणि मग खऱ्या बायका स्टेजवर आल्या तर बऱ्याच बड्या लोकांनी त्यांना सरळ उपलब्ध माल समजायला सुरुवात केली. ब्रेसगर्डल मात्र अशा भानगडींपासून लांब राहण्यासाठीच प्रसिद्ध होती.

आणि किस्सा सांगणारे जे हमखास गाळतात ते म्हणजे त्या रात्री खुनाच्या आधी काय झालं. 9 डिसेंबरला ती पेज नावाच्या ओळखीच्या माणसाकडे जेवून आई, भाऊ आणि पेज यांच्यासोबत निघाली, ड्रुरी लेन या रस्त्यावर घोडागाडी तयार होती, आत मोहून बसलेला, बाहेर हिल आणि भाड्याने आणलेले सैनिक. तिला उचलून गाडीत कोंबायचा प्लॅन. आईने तिला असं कवटाळलं की सोडेना, पेजने आरडाओरडा केला, लोक जमले, प्लॅन फसला. म्हणजे ही प्रेमकथा वगैरे काही नाही, हे अपहरण आहे, आणि खून त्या फसलेल्या अपहरणाच्या रागातून झालाय. कळस म्हणजे त्यानंतर हेच दोघं तिला घरापर्यंत "सोडायला" गेले आणि स्ट्रँडजवळच्या हॉवर्ड स्ट्रीटवर जवळपास दोन तास वाइन पीत येरझाऱ्या घालत राहिले, हिलच्या हातात नंगी तलवार. गस्तवाले आले, विचारलं, मोहूनने आपण उमराव असल्याचं सांगितलं, गस्तवाले गेले! माउंटफर्ट शेजारच्याच नॉरफोक स्ट्रीटला राहायचा. सुझानाला निरोप पोचला, तिने त्याला सावध करायला माणूस धाडला, पण चुकामूक झाली.

आता द्वंद्व. द्वंद्व म्हणजे आव्हान, ठरलेली जागा, दोघांच्याही हातात तलवार. इथे मध्यरात्रीच्या सुमाराला माउंटफर्ट आला, मोहूनने त्याला मिठी मारली, दोघं बोलत होते तेवढ्यात हिलने माउंटफर्टच्या कानाखाली वाजवली आणि तलवार आरपार घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला, वय जेमतेम 28. मरण्याआधी त्याने सांगितलं की मी तलवार उपसायच्या आतच हिलने वार केला आणि मोहूनने मला काही केलं नाही. माउंटफर्टने तलवार उपसली होती की नाही यावर खटल्यातल्या साक्षी जुळल्या नाहीत हे मान्य, पण वार कोणी केला यावर कधीच वाद नव्हता. त्यामुळे गूढ वगैरे काही नाही. खुनी माहीत होता, फक्त तो त्याच रात्री पळाला.

"वशिल्याने सुटला" यात मात्र थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबून बघू. मोहून उमराव, त्यामुळे खटला 1693 च्या जानेवारीअखेर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर (संसदेतल्या उमरावांच्या सभागृहासमोर) चालला, म्हणजे न्याय करणारे सगळे त्याच्याच जातकुळीचे. 69 विरुद्ध 14 मतांनी सुटला. पण आरोप त्याने स्वतः तलवार मारल्याचा नव्हता, प्रश्न होता की हिल काय करणार हे त्याला ठाऊक होतं का आणि त्याची साथ होती का. मेलेल्या माणसाचाच जबाब त्याच्या बाजूने जात होता, साध्या ज्युरीलाही त्याला दोषी ठरवणं अवघड गेलं असतं. माझं विचाराल तर दोन तास नंग्या तलवारीसोबत फिरणारा माणूस "मला काय माहीत" म्हणतो ते पटत नाही, पण न पटणं वेगळं आणि "खून लॉर्डनेच केला आणि ते दडपलं" म्हणणं वेगळं.

मोहूनचं नाव खुनी म्हणून का चिकटलं ते समजतं. पुढेही तो भांडत राहिला, 1699 मध्ये दुसऱ्या एका खुनाच्या खटल्यात पुन्हा लॉर्ड्ससमोर उभा राहून पुन्हा सुटला आणि 1712 ला हाइड पार्कात ड्यूक ऑफ हॅमिल्टनशी लढताना दोघंही मेले. ते मात्र खरंखुरं द्वंद्व होतं, बहुतेक तिथूनच लोकांनी ते उचलून 1692 मध्ये नेऊन बसवलंय.