आधी तारीख, मग शब्द

संसदेतल्या चर्चा कशा शोधाव्यात यावरच्या एका लेखात म्हटलंय, संकेतस्थळाच्या शोधपेटीत विषय टाकला की लोकसभेतली चर्चा सापडते. जुन्या कामकाजाच्या बाबतीत हे अवघडच. त्या कामकाजाचे छापील खंड स्कॅन केलेले आहेत आणि स्कॅनमधली देवनागरी अक्षरं यंत्राला नीट लागत नाहीत. म्हणून आधी अधिवेशन आणि तारीख पक्की करा, मग त्या दिवसाचं पूर्ण कामकाज उघडून चाळा. अतारांकित, म्हणजे तारका नसलेल्या, प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी असतं, तेव्हा तिथे पूरक प्रश्न, म्हणजे उत्तरावर सभागृहात विचारलेले पुढचे प्रश्न, शोधत बसू नका. भाषणांच्या पानांवरचं सगळ्यात फसवं चिन्ह म्हणजे तारका (*)! ती कुठे 'कामकाजातून वगळलं' सांगते, तर कुठे 'मूळ भाषण मराठीत, हा इंग्रजी अनुवाद'. कोणतं ते पानाच्या तळटीपेत असतं, आणि वाक्य कापून पुढे पाठवणारे नेमकी तीच गाळतात.