पन्नाशीच्या बाईनं अक्षरं कशाला गिरवायची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहायला बसले.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी कोल्हापूरच्या जवाहरनगरातल्या आमच्या दुपारच्या साक्षरता वर्गासाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या : जवळचं वाचायचे चष्मे, बायकांबरोबर येणाऱ्या लहान पोरांसाठी सतरंजी-खेळणी आणि त्यांना दोन तास सांभाळणारी एखादी मुलगी. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे लाड आहेत. शिकायची इच्छा असेल तर बाई येतेच. पन्नाशीच्या बाईला सही आली की पुरे, बाकी सगळं आता मोबाईल वाचून दाखवतो. नव्वदच्या दशकात तुम्ही गावोगाव वर्ग घेतलेत आणि दोन वर्षांत बायका सगळं विसरल्या. त्यापेक्षा हा पैसा मुलींच्या शाळेवर लावा. शिवाय आम्ही बायकांना ‘न्हाई’, ‘हाय’ असं अशुद्ध लिहू देतो. आणि शेवटी, पुरुष निरक्षर नाहीत का?

तुम्ही स्वतः रात्रीचे वर्ग घेतलेत म्हणून हे मनावर घेतलं. नुसतं लांबून बोलणाऱ्याच्या वाटेला मी गेले नसते.

आधी इच्छेचं बघू. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी चपलांच्या वेण्या वळतात. कोल्हापुरी चप्पल दुकानात दिसते ती पुरुषाच्या नावावर, पण ती नाजूक वेणी बहुतेक घरांत बाईच्या हातची. मजुरी जोडावर. म्हणजे दोन तास वर्गाला आलं की तेवढे जोड बुडाले. सकाळ नळाच्या पाण्यात आणि डब्यात जाते, संध्याकाळ भाकरीत. उरते ती दुपार, दोन ते चार. वर्गाची वेळ रात्री आठची ठेवली असती तर एकही आली नसती, आणि तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, बघा, इच्छाच नाही.

जागेचंही तसंच. सुरुवातीला शेजारच्या तालमीच्या पोरांनी वरची खोली फुकट देऊ केली. पंखा, ट्यूबलाईट, फळा, सगळं होतं. पण जिन्याच्या तोंडाला कट्टा आणि कट्ट्यावर दिवसभर पोरं. चांगली पोरं हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण साठीच्या सासूबाईंना आणि त्यांच्या सुनेला हातात पाटी घेऊन त्यांच्यासमोरून जिना चढायचा म्हणजे भर चौकात उभं राहिल्यासारखं. वर्ग एकीच्या घरच्या सोप्यात हलवला, पंखा गेला, बायका आल्या.

आणि सर, सोयींना लाड म्हणायचं तर ते निदान कोल्हापुरात म्हणू नये. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण भाषणात सांगतो. पण त्याच्या कितीतरी आधी, 1901 पासून, त्यांनी एकामागून एक बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं, सगळ्यांसाठी. त्या बोर्डिंगात काय शिकवायचे? काही नाही. तिथं राहायला खोली होती आणि दोन वेळचं जेवण होतं. खेड्यातलं पोरगं शहरातल्या शाळेपर्यंत पोचत नाही ते डोकं नाही म्हणून नव्हे, रात्री झोपायला जागा नाही म्हणून, एवढं त्यांना दिसलं होतं. भाऊराव पाटलांसारखा माणूस अशाच एका बोर्डिंगात राहून शिकला. महाराजांच्या खोल्या चालतात आणि आमची सतरंजी लाड होते, हे मला पटत नाही.

चष्म्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही त्यालाच सगळ्यात जास्त हसलात.

एक मावशी आहेत, वय पन्नाशीच्या पुढं. ‘र’ आणि ‘स’ मध्ये कायम गोंधळ, ‘घ’ आणि ‘ध’ तर एकच. शिकवणारी कॉलेजची मुलगी वैतागली. मावशीही वैतागल्या. म्हणाल्या, “बाई, मी उद्यापासनं येत न्हाई. माझ्या गवऱ्या मसणात गेल्या, आता डोसकं चालत न्हाई.” बोलता बोलता हातातली पिशवी उसवली होती ती शिवायला त्यांनी सुई काढली आणि ओवायला नातीकडं दिली. तेव्हा लक्षात आलं. पुस्तक हातभर लांब धरून त्या बघत होत्या. अक्षरं ओळखू येत नव्हती कारण दिसतच नव्हती. शेजारणीचा चष्मा लावून दिला तर ‘ध’ची वरची गाठ बोटानं दाखवत म्हणाल्या, “ह्ये हितं असं वळतंय व्हय!”

चाळिशी कुणाला चुकत नाही. आपल्याला ती पटकन कळते कारण समोर पेपर असतो, मोबाईल असतो, चेकबुक असतं. ज्या बाईच्या समोर आयुष्यात कधी कागदच आला नाही, तिची नजर गेलेली तिलाही कळत नाही आणि घरच्यांनाही. तांदूळ निवडताना खडा राहिला की “लक्ष कुठं असतंय तुझं” म्हणून बोलणी खाते, तेवढंच. शंभर-दीडशेला मिळणारा तयार चष्मा लावून कितीतरी जणींचं ‘न चालणारं डोकं’ चालायला लागतं. तुमच्या त्या वेळच्या वर्गांत रात्री, एका दिव्याखाली, चाळिशीच्या पुढच्या किती बायका नुसत्या मान हलवत बसल्या असतील, याचा विचार करून बघा.

आता सही. इथं मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. सही शिकवून थांबणं हे मला अंगठ्यापेक्षा धोक्याचं वाटतं.

अंगठा लावणाऱ्या बाईच्या कागदावर निदान कुणीतरी साक्षीदार लागतो, मजकूर तिला वाचून दाखवला का, समजावून सांगितला का, असा प्रश्न उद्या कोर्टात तरी उभा राहतो. सही केली की समोरचा म्हणतो, बाई शिकलेली आहे, वाचूनच केली असणार. आणि आपल्याकडं बायकांच्या सह्या कशावर लागतात ते तुम्हाला माहीत आहे. बचत गटाच्या कर्जाचा कागद, आणि हक्कसोडपत्र. 1994 ला महाराष्ट्रात आणि 2005 ला सगळ्या देशात कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आला. त्यानंतर आपल्या भागात बहिणींना माहेरी चोळी-बांगडीला बोलावून तलाठ्याकडं किंवा दुय्यम निबंधकाकडं न्यायची चाल काही कमी झाली नाही. भावाला द्यायचं असेल तर बाईनं खुशाल द्यावं, तो तिचा प्रश्न. पण वरच्या ओळीतला ‘हक्कसोड’ हा शब्द वाचून द्यावं. त्यातलं ‘क्क’ हे जोडाक्षर, म्हणजे तिथवर पोचायला काना-मात्रा-वेलांटी सगळं पार करावं लागतं. नुसतं स्वतःचं नाव चित्रासारखं काढता आलं म्हणून ते जमत नाही.

मोबाईल वाचून दाखवतो, हे खरं. मीच कितीजणींना तसं करून दिलंय. पण तो मोठ्यानं वाचतो, सर. एका खोलीचं घर, पाच माणसं, आणि फोन खणखणीत आवाजात सांगतोय की खात्यात अमुक रुपये जमा झाले. लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये 2024 पासून यायला लागले तेव्हा हे रोज बघितलं. पैसे आले हे बाईच्या आधी घरातल्या सगळ्यांना कळतं. ओटीपी आला की फोन पोराच्या हातात, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या. दवाखान्याचा रिपोर्ट असो की मुलीच्या सासरहून आलेला मेसेज असो, मधे कुणीतरी असतोच. आपण दोघं दिवसभर किती गोष्टी कुणालाही न सांगता, मनातल्या मनात वाचतो! ते मनातल्या मनात वाचणं या बायकांना कधी मिळालंच नाही. माझ्या लेखी वर्गाचं ध्येय तेवढंच आहे : समोरचा कागद कुणाला न विचारता, ओठ न हलवता वाचता आला पाहिजे. आणि तिथं पोचायला वेळ लागतो, म्हणून तोपर्यंत बाई टिकली पाहिजे, म्हणून चष्मा आणि सतरंजी.

तुमचा विसरण्याचा मुद्दा मात्र सगळ्यात खरा आहे, आणि तो आमच्याही मानगुटीवर आहे. 1988 साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत मोहिमा निघाल्या. तीन पुस्तिका आणि साधारण दोनशे तास असा हिशेब होता. पुस्तिका संपली, मोहीम संपली, पुढं वाचायला काही नाही. मग अक्षर विसरणारच. आताच्या उल्लास या केंद्राच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून 150 गुणांची चाचणी होते, प्रत्येक भागात 33 टक्के मिळाले की प्रमाणपत्र. चाचणी असावी, माझी ना नाही. त्या दिवशी आमच्या बायका इरकल नेसून आल्या होत्या, एकीनं तर पेपरच्या आधी अंबाबाईला ओटी बोलली. पण चाचणी झाल्यावर वर्ग बंद करायचा असेल तर तुमचा अनुभव पुन्हा येणार.

म्हणून आम्ही पुस्तिकेच्या बाहेरचं वाचायला घेतो. लाईट बिल. रेशनची पावती. केएमटीच्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, पाट्या. गोळ्यांचं पाकीट, त्यावरची मुदत संपायची तारीख. यात एक गंमत आहे. पुस्तिकेत १, २, ३ असे मराठी आकडे, आणि नोटेवर ठळक, मोबाईलवर, बिलावर, औषधावर 1, 2, 3. बायकांना दुसरे आकडे आधीच येत असतात, फोन लावून लावून. शाळेचा क्रम धरून बसलं तर येत असलेलं सोडून नवीन शिकवण्यात पंधरवडा जातो. आम्ही येत असलेल्यापासून सुरू करतो. हिशेबात तर त्याच आम्हाला शिकवतील. वीस जोडांची मजुरी, त्यातून उचल वजा, तोंडी करतात. अडतं ते कागदावर मांडायला.

आणि तुमच्या ‘अशुद्ध’चं उत्तर इथंच येतं. आम्ही बायकांना ओव्या सांगायला लावतो, जशा सांगतील तशा मोठ्या अक्षरात लिहून काढतो, आणि तोच त्यांचा धडा. ओवी तोंडपाठ असल्यामुळं डोळा पुढच्या शब्दावर आपोआप जातो, अडखळला तरी कान सावरून घेतो. आता तिनं “न्हाई” म्हटलं आणि मी कागदावर “नाही” लिहिलं, तर तिचा डोळा आणि कान यांची गाठ कशी पडायची? पुढं पेपर वाचायला लागली की “नाही” तिला आपोआप भेटेल. ती घरी “मी येतो, मी जातो” म्हणते, इथल्या सगळ्या बायका म्हणतात, व्याकरणाच्या पुस्तकाला विचारून नाही म्हणत. पहिल्या महिन्यात तिची भाषा सुधारायला गेलो तर दुसऱ्या महिन्यात ती येणार नाही. शुद्धलेखन शिकवायचंच असेल तर बाई समोर असावी लागते.

खाड्यांबद्दल तुम्ही कडक नियम सुचवलाय, तीन खाडे की नाव कमी. गौरी-गणपतीत पंधरा दिवस, जोतिबाच्या यात्रेत आठवडा, सुनेचं बाळंतपण, पंचगंगेला पाणी चढलं की नदीकाठच्या नातेवाइकांचं बिऱ्हाड घरात. 2019 आणि 2021 च्या पुरात काय झालं ते तुम्हीही बघितलंय. या नियमानं आमचा वर्ग श्रावणात बंद पडेल. आम्ही एवढंच करतो की खाड्यानंतर आलेल्या बाईला मागचा धडा तिची शेजारीण शिकवते. शिकवणारीचाही पक्का होतो.

मुलींच्या शाळेला पैसे द्या, जरूर द्या, मीही देते. ज्या पोरी शाळेत आहेत त्यांच्या आया आमच्या वर्गात आहेत. रिपोर्ट कार्डावर सही करताना त्यातले शेरे आता वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पोरीच्या बाईंना जाऊन भेटतात. एकाच घरातल्या दोघींत भांडण लावण्यात अर्थ नाही.

राहिले पुरुष. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात पुरुषांची साक्षरता 88 टक्क्यांच्या पुढं होती आणि बायकांची 74 च्या आसपास. तेव्हा आधी बायकांकडं गेलो यात अन्याय काही दिसत नाही. पण निरक्षर पुरुष आहेत, आणि त्यांची लाज जास्त खोल असते हेही खरं. बाई चारचौघींत “मला येत न्हाई” म्हणते. पुरुष फॉर्म घडी करून खिशात घालतो आणि “चष्मा घरी राहिला” म्हणतो. आमच्या दुपारच्या सोप्यात तो येणार नाही, आणि आला तर निम्म्या बायका उठून जातील. त्याला रात्रीची वेळ लागेल, आणि शिकवायला वयानं मोठा, त्यातला अनुभवी पुरुष माणूस लागेल.

तालमीची वरची खोली अजून रिकामीच आहे. पोरांशी मी बोलून ठेवलंय, रात्री आठनंतर कधीही मिळेल, फळा आहेच. चष्मे यायचे आहेत, त्यातले थोडे तुमच्या वर्गाला काढून ठेवते. येत्या रविवारी सकाळी चहाला या, किल्ली देते.