बारा एपी आणि दहा ॲक्टिव्हिटी: या हिशेबात गडबड आहे

अमेरिकेतल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हायस्कूलच्या मुलांसाठी एक सल्ला फिरत असतो. बारा एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) घ्या, कॉमन ॲपमधले (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक प्रवेशअर्जातले) ॲक्टिव्हिटीचे दहाही रकाने भरा, नववीतच नॉनप्रॉफिट (ना-नफा संस्था) काढा आणि भरतनाट्यम-तबला सोडा, कारण 'ते सगळ्याच देशी मुलांकडे असतं'. एकेक मुद्दा घेऊ.

'एपी जितके जास्त तितकं चांगलं.'

ट्रान्स्क्रिप्टबरोबर (विषय आणि ग्रेडच्या नोंदीबरोबर) शाळेची माहितीही कॉलेजकडे जाते. शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांच्या तुलनेत या मुलाने किती अवघड विषय घेतले, हे काउन्सेलरला (शाळेतल्या मार्गदर्शकाला) वेगळं सांगावं लागतं. ज्या शाळेत आठच एपी आहेत, तिथल्या मुलाचे पाच भारीच समजले जातात. शेजारच्या शाळेतल्या मुलाशी बरोबरी करण्यात अर्थ नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा हिशेब तर आणखी नेमका आहे. त्यांच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत; ए म्हणजे ४, बी म्हणजे ३) नववीनंतरच्या सुट्टीपासून अकरावीनंतरच्या सुट्टीपर्यंतचेच ग्रेड धरतात. एपीचा जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना, त्यातही दहावीतल्या चारांनाच. वर्षभराचा एपी म्हणजे दोन सेमिस्टर, म्हणजे चार विषयांत जादा गुण संपले. तोपर्यंत एपीतला बी म्हणजे ४, साध्या विषयातल्या ए इतकाच. त्यानंतरच्या एपीत बी आला तर तो ३च. विषय अवघड होता हे वाचणाऱ्याला दिसतं, पण जीपीए घसरायचा तो घसरतोच.

गाडी अडते ती बहुधा अकरावीत. केमिस्ट्री, कॅल्क्युलस बीसी, यूएस हिस्टरी आणि इंग्लिश लँग्वेज हे चारही एपी एकाच वर्षी घेतले की लॅब रिपोर्ट आणि निबंध एकाच आठवड्यात येऊन पडतात. एपी परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ट्रॅकच्या (धावण्याच्या) मोठ्या स्पर्धाही त्याच सुमारास. म्हणून वाचनाचा एक जड विषय दहावीतच उरकलेला बरा.

'दहाही रकाने भरा.'

फॉर्ममध्ये प्रत्येक ॲक्टिव्हिटीपुढे आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे लिहावे लागतात. आता बेरीज करा. आठवड्याचे १६८ तास. शाळा आणि जाणं-येणं ४०, झोप ५६, जेवणखाण-आंघोळ वगैरे २०. उरले ५२. चार एपींना रोज तासतासभर दिला तर २८ गेले. हातात २४, आणि बाकीच्या विषयांचा गृहपाठ अजून धरलेलाच नाही. दहा ॲक्टिव्हिटी प्रत्येकी पाच तास म्हणजे ५०. ही बेरीज कॉलेजात अर्ज वाचणाऱ्यालाही येते. एमआयटीच्या स्वतःच्या अर्जात तर चारच ॲक्टिव्हिटींना जागा आहे.

उलट जे खरोखर केलं जातं, ते लिहायचंच राहतं. घरी आजी-आजोबांचं करणं, धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं, दुकानात पगारी काम करणं. कॉमन ॲपच्या यादीत कौटुंबिक जबाबदारी आणि पगारी काम असे प्रकार सरळ दिलेले आहेत. आपल्याकडे 'त्यात काय सांगायचं' म्हणून ते गाळतात.

'नॉनप्रॉफिट काढा.' नोंदणीला फी आणि फॉर्म लागतात, बाकी काही नाही. वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. त्यात किती मुलांना, काय, किती महिने शिकवलं हे लिहिता येत नसेल तर 'फाउंडर' हा शब्द पोकळच वाटतो. गावच्या लायब्ररीत दोन वर्षं दर शनिवारी गणित शिकवणं केव्हाही सरस.

'नाच-तबला सोडा.' हा सल्ला सगळ्यात वाईट. दहा वर्षं टिकवलेली गोष्ट नववीत सोडायची आणि तिच्या जागी तीन नवे क्लब घ्यायचे, याने अर्ज पातळ होतो. आरंगेत्रमची (भरतनाट्यमच्या पहिल्या एकल जाहीर कार्यक्रमाची) वेळ मात्र सांभाळा. महिनोन् महिने तालमी असतात, त्यामुळे दहावीनंतरची सुट्टी सोयीची. बारावीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठेवलंत तर प्रवेशअर्जाचे निबंध, शाळेचे ग्रेड आणि तालमी एकाच वेळी अंगावर येतील. आणि बारावीचे ग्रेडही कॉलेजं मागवतात; ते फार घसरले तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात.