‘बोलायला लागेपर्यंत बाळ आईचंच’ हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या बापांसाठी एक सल्ला फिरत असतो: ‘पहिलं दीड वर्ष बाळ आईचं. तिला ते उपजत कळतं. बापाने लुडबुड करू नये, पोर बोलायला लागलं की त्याचं काम सुरू.’ यातला एकेक मुद्दा तपासून बघू.

‘आईला उपजत कळतं.’ फ्रान्स आणि काँगोमधल्या आईबापांना बाळांचं रडणं ऐकवून आपलं कुठलं ते ओळखायला सांगितलं होतं. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज चार तासांहून जास्त वेळ बाळापाशी असणारे बाप आयांइतकेच अचूक निघाले, कमी वेळ देणारे मागे पडले. पहिलटकरणीलाही बाळच शिकवतं. बाप जवळ असला तर त्यालाही शिकवतं.

‘न बोलणारं बाळ काय सांगणार?’ भूक लागली की आधी चुळबुळ, मग ओठ चाटणं, मूठ तोंडात घालणं. गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळतं. रडणं फार उशिराची खूण. रडून लालेलाल झालेलं बाळ नीट अंगावर पीत नाही, आधी त्याला शांत करावं लागतं. म्हणून मूठ तोंडात गेली की लगेच उचलून आईकडे द्यावं.

सगळ्यात जास्त चुकतं ते खेळवताना. दोन-तीन महिन्यांचं बाळ टक लावून बघतं, हसतं आणि अचानक मान फिरवतं. बापाला वाटतं, कंटाळलं. मग तो खुळखुळा आणखी जोरात वाजवतो, आपला चेहरा त्याच बाजूला नेतो. बाळ मात्र फक्त दम खात असतं. अशा वेळी गप्प बसा. बहुतेकदा थोड्या वेळात तेच पुन्हा तुमच्याकडे बघेल. नाही थांबलात तर बोटं फाकवेल, पाठ ताणेल, शेवटी भोकाड पसरेल. हे थांबणं अंगवळणी पडलं की पुढे वरणभात भरवताना मिटलेल्या ओठांचा अर्थही कळतो: पोट भरलं, आता बळेच नको.

‘दूध आईकडे, मग बाप काय करणार?’ नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितं. दर वेळी ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं बापाला जमतं. आईने काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं, फ्रीजमध्ये ४ दिवस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रीजमध्येच ठेवावं. गॅसवर तापवू नका, भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करा. बाळाला जवळजवळ बसतं धरून चमचा खालच्या ओठाला टेकवा, ते स्वतः ओढून घेतं. घाईने तोंडात ओतलं की ठसका लागतो. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धतही बापाला करता येते: बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास मोकळा राहतो.

‘बापाकडे दिलं की रडतं.’ सात-आठ महिन्यांच्या सुमाराला बाळ अनोळखी चेहऱ्याला बिचकतं, आणि रविवारपुरता दिसणारा बाप त्याला अनोळखीच असतो. रोजचं एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या, आंघोळ किंवा रात्रीचं झोपवणं. सुरुवातीला रडेल. तेव्हा आईने दारातून सूचना देऊ नयेत, नाहीतर बाप बाळाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघतो. रडणं थांबेना आणि आपलाच तोल जातोय असं वाटलं, तर बाळाला सुरक्षित जागी पाठीवर झोपवून दोन-तीन मिनिटं बाजूला व्हा. गदागदा कधीही हलवू नका, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.