शाई फासलेली स्टुलं

आज पुन्हा तीच पोस्ट: व्हिक्टोरियाच्या काळात लंडनच्या बायकांनी मासिकं काढली, हक्कांवर लेख लिहिले, टाळ्या. सोबत जुन्या पानाचा फोटो, आणि मुद्रकाची ओळ, म्हणजे कोणी छापलं ते सांगणारी, नेमकी क्रॉप केलेली! लेख लिहिले, कबूल. पण खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, कोणी जुळवले?

स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या बार्बरा बोदिशाँ आणि बेसी पार्क्स यांचं ‘इंग्लिश वुमन्स जर्नल’ 1858 चं. 1860 मध्ये एमिली फेथफुलने ग्रेट कोराम स्ट्रीटवर व्हिक्टोरिया प्रेस हा छापखाना काढला, मुलींना जुळाऱ्याचं, म्हणजे खिळे जुळवण्याचं, काम शिकवलं आणि हे मासिक तिथे छापायला घेतलं. मग काय झालं? पुरुष जुळाऱ्यांनी मुलींच्या स्टुलांना शाई फासली. कपडे खराब व्हावेत म्हणून. अक्षरवार लावलेल्या खणांतले खिळे एकमेकांत मिसळले, काही खण रिकामेच केले.

शाई धुता येते हो. पण खिळे मिसळणं हे जाणकाराचंच काम. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची छोटी पट्टी, उजवा हात न बघता केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, जातो. इंग्रजीत ‘ई’ सगळ्यात जास्त लागतो, म्हणून त्याचा खण सगळ्यात मोठा आणि हाताशी. खिळ्याची खाच बोटाला लागते, त्यावरून तो सरळ बसतो. त्या खणात भलतीच अक्षरं निघाली की प्रत्येक खिळा डोळ्यांसमोर धरून बघावा लागतो. वेग गेला, प्रूफात चुकांचा पाऊस. वर शेरा तयार: बघा, बायकांना जमत नाही!

बायका आल्या की मजुरी पडेल, ही पुरुष जुळाऱ्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. बरं, मान्य. जड फर्मे, म्हणजे जुळवून चौकटीत आवळलेली पानं, उचलायला पुरुष ठेवले होते, तेही मान्य. म्हणून स्टुलाला शाई?

आणि त्याच छापखान्यात मुलींना शिकवायला, यंत्रं चालवायला आलेले काही पुरुष खोटी नावं लावून येत, कारण मुद्रकांच्या संघटनेची बंदी होती. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा आवाज आपोआप खाली येतो. खरी नावं लपवून त्यांनी ओळ कसायला शिकवलं: शब्दांमधल्या पट्ट्या कमीजास्त करून ओळ स्टिकमध्ये घट्ट बसवायची, ढिली राहिली तर फर्मा उचलताना खिळे गळतात.

1862 मध्ये राणीने फेथफुलला आपली मुद्रक नेमलं. तोवर शाई फासणाऱ्यांची तोंडं कशी झाली असतील, देव जाणे.

फोटो टाका, जरूर टाका. मुद्रकाची ओळ तेवढी कापू नका.